शिंकाळ्याच्या गाठी

पॅकरकाकांनी चौतीस वर्षं पार्सल ऑफिसात पार्सलं बांधली. पार्सलवर गुडघा, सुतळीवर अंगठा आणि एक हिसका. त्यांची गाठ वाटेत कधी सुटली नाही, असं साहेब निरोपाच्या दिवशी म्हणाले. दुसरं काही म्हणाले नाहीत, पण म्हणाले ते खरं होतं. आता अशी गाठ नंतर सोडायची कुणी? कुणीच नाही. ज्याच्या घरी पार्सल पोचेल त्यानं कात्री घ्यावी, हा त्या कामाचा नियमच.

काकू घरी कपडे शिवायच्या. त्यांचा नियम नेमका उलटा. कात्री एकदाच चालवायची, चुकलं की टाका न टाका उसवायचा. या एका बाबतीत दोघांचं कधी पटलं नाही, बाकी संसार बरा चालला.

मग काकूंच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय महिन्याभरात ताळ्यावर आला. बोलणं तर चौथ्याच दिवशी आलं, आणि आधीपेक्षा जास्तच आलं. हात मात्र मांडीवर पडून राहिला, शेजारणीनं सांभाळायला ठेवलेल्या वस्तूसारखा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला मऊ चेंडू दिला. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणून काकूंनी तो कांद्याच्या टोपलीत टाकला. बाईंनी काकांना दाराबाहेर नेऊन सांगितलं, हात आत्ता चालवला तर चालवला, नाहीतर असाच राहणार. काका आत आले आणि शिलाई मशीनवरची चादर उगाचच सारखी करत बसले.

आता पुढचं ऐकून काकांनी काही डोकं लढवलं असं कुणी समजू नये. समोरासमोर नुसतं बसून जीव जायला लागला, म्हणून त्यांनी वाचनालयातून घरच्या घरी वस्तू बनवायचं पुस्तक आणलं. पहिली वस्तू, रिकाम्या डब्याचं पेन्सिल ठेवायचं भांडं. काकांनी डब्याला रंगीत कागद लावला, सुतळी गुंडाळली आणि सवयीनं तोंडही बांधून टाकलं. दुसरा कागदी फुलांचा गुच्छ. तो इतका आवळला गेला की वर फक्त पत्ता लिहायचा राहिला होता. काकूंनी दोन्हीकडे पाहिलं आणि मान भिंतीकडे वळवली.

तिसरं होतं कुंडी टांगायचं शिंकाळं. पुस्तकात सोळा गाठी सांगितल्या होत्या. काकांनी सोळाच्या सोळा मारल्या, पार्सलाच्या. कुंडी खिडकीत टांगली तर एका अंगाला कलली. शिवणारीच्या नजरेला वाकडं सोसत नाही. दोन दिवस कसेबसे काढून काकू म्हणाल्या, खाली काढा ते ध्यान आणि सोडा. काकांनी आपल्या नियमाप्रमाणे कात्री घेतली.

"कात्री लावायची नाही," काकू म्हणाल्या. "आणा इकडे."

डाव्या हातानं गाठ उकलता येते, पण दुसऱ्या हातानं कुणीतरी दोरी धरायला लागते. काका धरायला पुढे झाले, तर एक फटका मिळाला. काकूंनी उजवं मनगट दोरीवर ठेवलं, नुसतं वजन म्हणून. पहिली गाठ सुटायला पाच दिवस लागले. तिसऱ्या गाठीला अंगठा हलला. काका पेपर वाचत होते, ते पेपरच वाचत राहिले. त्या पानावर काय होतं ते त्यांना आजही सांगता येणार नाही.

सोळा गाठी संपल्यावर काका नवं शिंकाळं बांधायला बसले. पण या वेळी पाठ करून बसले. काकूंना फार त्रास नको म्हणून त्यांनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. गाठ ढिली मारली. एक नाही, सोळा. मारताना अंगठ्याला कसंसंच झालं म्हणे.

काकूंनी पहिली गाठ चाचपली आणि शिंकाळं परत त्यांच्या मांडीवर टाकलं.

"ही तुमची गाठ नाही."

काका म्हणाले, वय झालं, हातात जोर कुठे राहिला आता.

"माझ्याशी खोटं बोलू नका. माझी कीव करायची असेल तर तो चेंडू काय वाईट होता? नीट बांधा."

काकांनी शिंकाळं जमिनीवर घेतलं. गुडघा टेकला आणि लांबच्या गावाला जाणाऱ्या पार्सलाला मारतात तशी सोळा वेळा गाठ मारली. बोटं लाल झाली. मुलगी भेटायला आली होती, ती बघतच राहिली. आईचा हात असा आणि बाबा हे काय करताहेत, असं तिला वाटलं. ती बाबांना बोललीसुद्धा, चांगलं फाडफाड. काकांनी शिंकाळं उचलून काकूंच्या मांडीवर ठेवलं.

पहिली गाठ सुटायला नऊ दिवस लागले. त्यात दोनदा रडणं झालं, एकदा शिंकाळं खिडकीबाहेर गेलं आणि काका ते खालून घेऊन आले. दहाव्या दिवशी सकाळी काकूंनी सुटलेली दोरी काकांसमोर धरली. उजव्या हातात.

"बघता काय," त्या म्हणाल्या. "ही परत मारा. सुटताना मी बघितली नाही, जोर लावताना माझे डोळे मिटले होते."