मंगळवारी शोभना काय म्हणाली

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळींत एकनाथ सबनीसची ख्याती अशी, की कुणी 'दोन शब्द बोला' म्हटलं की हा पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात जायचा तो केक संपल्यावरच बाहेर यायचा. तीस वर्षं गाड्यांचे ब्रेक तपासण्यात गेली. अशा माणसाला आता मुलीच्या लग्नात भाषण करायचं होतं. आपल्याकडे मुलीच्या बापाने डोळे पुसावेत आणि पंगतीकडे बघावं, एवढंच काम. इथे रिसेप्शनला त्याच्या हातात माईक देतात, घड्याळ लावून पाच मिनिटं.

स्वानंदीची एकच अट होती. "बाबा, फनी स्टोरीज सांग, एनीथिंग. जस्ट डोन्ट मेन्शन आई."

अट का, ते सगळ्या गोतावळ्याला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी शोभना हॉस्पिटलात शेवटच्या दुखण्यात होती आणि लेक दूर टेक्सासात, अर्विंगला, डॉक्टरकीच्या मोठ्या परीक्षेच्या तयारीत. पेपर शुक्रवारी. "तिला कळवू नकोस, पेपर होऊ दे," असं शोभना आधी म्हणाली होती, हे खरं. मुलांच्या परीक्षेसाठी मरणालाही थांबवून ठेवायचं, ही आपल्या माणसांची जुनी खोड. पण पुढचं एकट्या एकनाथलाच ठाऊक. मंगळवारी सकाळी तिने त्याचा हात धरला. "बोलाव रे तिला. पेपर गेला खड्ड्यात." एकनाथ हो म्हणाला आणि त्याने फोन केला नाही. डॉक्टरांनी आठवडा सांगितला होता, मग तीन दिवसांनी काय बिघडणार होतं? गुरुवारी सकाळी शोभना गेली.

धावत आलेल्या लेकीने विचारलं, "मला का नाही बोलावलं?"

आणि हा भित्रा माणूस बोलून बसला, "आईच नको म्हणाली."

तेव्हापासून स्वानंदीच्या घरात आईचा फोटो नव्हता. खरं सांगायला एकनाथ तीनदा विमानाने टेक्सासला गेला आणि तिन्ही वेळा तिने केलेला पास्ता खाऊन परत आला. पोरीशिवाय त्याला दुसरं होतं कोण? तीही गेली तर?

मग महिनाभर तो रोज लंचला ऑफिसच्या पार्किंगमध्ये, गाडीच्या काचा वर करून, भाषण पाठ करत राहिला. सायकलवरून पडण्याचा किस्सा, पोहण्याच्या क्लासचा किस्सा. प्रत्येक किश्शातून शोभनाला बाहेर काढावं लागत होतं, कारण सायकल तिने शिकवली होती आणि क्लासला तीच नेत होती. उरलेलं भाषण फारच पोकळ होतं.

लग्नाच्या सकाळी कन्यादानाला जोडपं लागतं म्हणून एकनाथचा धाकटा भाऊ शशिकांत आणि त्याची बायको प्रतिमा बसली. एकनाथ पहिल्या रांगेत, पाहुण्यासारखा. मांडवात शोभनाचा फोटो नव्हता. जेवताना नवऱ्या मुलाच्या, अक्षतच्या आईने हळूच कारण विचारलं, तेव्हा प्रतिमा म्हणाली, "वहिनी जरा कठोरच होत्या हो. शेवटीसुद्धा मुलीला भेटल्या नाहीत." शेजारच्या खुर्चीत एकनाथच्या हातात जिलबी तशीच राहिली.

संध्याकाळी त्याला माईक दिला. सायकलचा किस्सा झाला, लोक हसले, स्वानंदीही हसली. दुसरा किस्सा सुरू करता करता त्याने कागदाची घडी घातली आणि इंग्रजी सोडलं.

"स्वानंदी, सायकल आईने शिकवली. मी नव्हतोच. आणि त्या मंगळवारी आईने तुला बोलावलं होतं. 'पेपर गेला खड्ड्यात' म्हणाली. फोन मी केला नाही. ती नको म्हणाली, हे मी खोटं सांगितलं. ती कठोर नव्हती. मी भित्रा होतो."

स्वानंदी उठली, त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"किती वाजता?"

"सव्वासातला."

"मंगळवारी सकाळी? बाबा, मी दुपारपर्यंत पोचले असते."

"हो," एकनाथ म्हणाला.

"फोटो आहे तुझ्याकडे?"

फोटो होता. कोटाच्या आतल्या खिशात, सकाळपासून. तिने तो घेतला, आपल्या खुर्चीवर जाऊन बसली आणि मांडीवर धरून, "आई, आई," म्हणत लहान मुलीसारखी रडली. अक्षतने तिच्या पाठीवर हात ठेवला. एकनाथ एक पाऊल पुढे झाला, तेव्हा तिने मान न उचलता हाताने थांब म्हणून खूण केली.

तो माईक हातात धरून तिथेच थांबला. निरोपाच्या वेळी ती सगळ्यांच्या पाया पडली, त्याच्याही पडली, पण बोलली नाही. गाडीचं दार लागलं तेव्हा फोटो तिच्या हातात होता.

एकनाथ रिकाम्या खिशावर हात ठेवून, गाडी वळेपर्यंत बघत राहिला.