राबाच्या दिवसांतली विमानं

आमच्या गावाला सल्लागार कधी बाहेरून आणावे लागले नाहीत. गावावरून विमानं उडवायचं ठरलं, तेव्हा ज्यांनी जन्मात एसटीच्या पुढचं वाहन पाहिलं नव्हतं तेही विमानाने कुठून वळावं ते काठीने मातीत रेघा ओढून सांगायला लागले. मी तेव्हा भिवंडीला शाळेत शिकवायला जायचे आणि फटकळ म्हणून गावात नावाजलेली होते. पण त्या दिवसांत मी तोंड आवरलं, कारण हा सगळा खटाटोप आमच्या आईसाठी चालला होता.

माझा दादा विमानदलात मेकॅनिक होता. एकाहत्तरच्या लढाईत त्यांच्या तळावर बॉम्ब पडले, त्यात तो गेला. तार आली, मागून त्याची ट्रंक आली. तो आला नाही, तिकडेच त्याचं सगळं उरकलं. आई धड रडलीसुद्धा नाही. ती बाबांना, मला, पोस्टमनला, ज्याला त्याला एकच विचारायची, "पन तो गेला कसा? वरशी विमान आयलं, मंग काय जालं?" बाबा म्हणायचे, "लढाईन जातान तसा गेला." त्यावर ती गोठ्यात निघून जायची. मला बाबांचा संताप यायचा, आणि आपल्यालाही दुसरं उत्तर सुचत नाही याचा त्याहून जास्त.

लढाईला तीन वर्षं उलटून गेली तेव्हा दादाच्या तळावरचा एक पायलट आम्हाला भेटायला आला. दादा त्याचंच विमान सांभाळायचा. आता तो नोकरी सोडून मुंबईकडे मुलांना विमान चालवायला शिकवत होता. तिथे सैन्यातून बाद झालेली दोन म्हातारी विमानं होती, एकावर एक अशा दोन पंखांची आणि वर उघडीच. आईने त्यालाही तेच विचारलं. बिचारा बराच वेळ दोन्ही हातांची विमानं करून दाखवत राहिला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बाला, मना न्हाय कलत. मना दिसाला पायजे."

"मग दाखवतो," तो म्हणाला. मला वाटलं, बोलायचं म्हणून बोलला. पण महिन्याभराने कुठकुठल्या परवानग्या काढून तो परत आला. एक विमान शत्रूचं होणार, एक आपलं. खरी विमानं यांच्या कितीतरी पट वेगाची होती, पण ती कुठून आली, कशी वळली, आपलं विमान मागे कसं लागलं, एवढं आईला समजलं असतं. विमानं उतरणार नव्हती. वरच्या वर लुटुपुटूची लढाई करून जाणार होती.

मग काय, गावाच्या अंगात आलं. सरपंचांचा हट्ट होता की शेवटी शत्रूचं विमान पाडायचंच. पायलट शांतपणे म्हणाला, "पाडलं तर मला ते परत द्यावं लागेल हो." भिवंडीच्या एका लूमवाल्याने मांडवाला कोरं कापड दिलं. खाडीकडचं खाचर साफ केलं. वार शुक्रवार धरला, कारण भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारची, म्हणजे लूमवर जाणारी पोरंही घरी. वेळ सकाळची, कारण त्या हलक्या विमानांना वारा सोसत नाही आणि आमच्याकडे वारा उठतो दुपारकडे. पायलट म्हणाला, खाचराच्या कोपऱ्यात धूर करा, धुरावर बरोबर येतो. बाबांनी धुरासाठी ओलं गवत स्वतः आणून ठेवलं.

आई आदल्या दिवसापासून अस्वस्थ होती. तिने मला विचारलं, "त्यांचं कंचं आनि आपलं कंचं, तू दावशील ना?" मी हो म्हटलं. तिला आपलं विमान बघायचंच नव्हतं, शत्रूचंच बघायचं होतं, हे मला कळत होतं.

शुक्रवारी सकाळी आम्ही खाचरात जाऊन बसलो. सारा गाव होता, पार शेलार गावापासून माणसं आली होती. बाबांनी गवत पेटवलं. धूर सरळ वर गेला तसे सगळे खूश झाले. आणि मग मी सहज मागे पाहिलं, तर वळ गावाच्या बाजूला धूर, अंजूरच्या बाजूला धूर, खाडीच्या पलीकडेही धूर.

चैत्र सरत आला होता. भाताची रोपं करायची जागा आमच्याकडे पाऊस येण्याआधी शेणी आणि पातेरा, म्हणजे सुका पाला, पसरून भाजतात, तो राब. तो वारा नसताना, सकाळीच लावायचा. त्यातून शुक्रवार, पोरं हाताशी, आणि विमानं बघायला जायचं म्हणून प्रत्येकाने पहाटेच आपला राब लावून टाकलेला. आमचासुद्धा. आई स्वतः लावून आली होती. एवढ्या बैठका झाल्या, एवढी शहाणी डोकी जमली, पण राबाचा धूर कुणाच्या ध्यानात आला नाही. त्याला धूर म्हणायची आम्हाला सवयच नव्हती.

आवाज आला. आधी वळकडून, मग खाडीवरून, मग आमच्या डोक्यावरून. वर नुसतं मळकट पांढरं. माणसं आवाजाच्या मागे माना वळवत होती. आई उभी राहिली, पदराने डोळे पुसून पुन्हा वर बघायला लागली. "कुठं हाय गो? दाव ना." मी काय दाखवणार? मला तेव्हा ओरडून रडावंसं वाटलं. थोड्या वेळाने आवाज मुंबईच्या दिशेने गेला. लोक जरा थांबले, मग आपापले राब बघायला गेले.

संध्याकाळी पायलट मोटारसायकलवरून आला. ओटीवर बसला आणि कितीदा माफी मागू असं त्याला झालं. धुरात दोन विमानं एकमेकांभोवती फिरवणं म्हणजे मरणच, म्हणाला. परवानगी तेवढ्याच दिवसाची होती, पुन्हा मिळणार नव्हती. बाबा म्हणत राहिले, तुमचा काय दोष, आमचंच चुकलं. आईने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि समोर बसली.

"आमची मानसां दिसली का तुला?"

"नाही आई."

"धूर नसता तर दिसली असती?"

तो खोटं बोलला असता तर चाललं असतं, पण तो बोलला नाही. "माणसं दिसत नाहीत वरून. गर्दी आहे एवढं कळतं. चेहरा वगैरे नाही. आणि लढाईत तर तेवढंही नाही, खाली धूरच असतो."

आईने त्याच्यापुढची कपबशी बाजूला सारली.

"मंग ज्यानं बाँब टाकला, तेलाबी माजा पोऱ्या दिसला नसंल."

"नाही आई. नसणार दिसला."

"म्हंजे तेला ठावंच न्हाय," आई म्हणाली. "माजा पोऱ्या व्हता, ह्ये तेला ठावंच न्हाय."

आणि ती रडायला लागली, त्या परक्या माणसासमोर, तोंडाला पदरसुद्धा न लावता. बाबा उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.