कोपराचे तीन वर्ग

हाडांच्या डॉक्टरकडे हाडे उरत नाहीत. ती जुळली की आपापल्या माणसांबरोबर घरी जातात. उरतात ते किस्से! सकाळची पूजा आटोपली की मला त्या दुष्काळातला आमचा दवाखाना आठवतो. देह नाशिवंत, हे संतवचन मी रोज म्हणत असे, आणि खडीच्या कामावर पडलेली माणसे रोज विचारीत, "हात हातोडा धरंल का?"

*

डॉक्टर सामंत कोकणातून नवे आले होते. एक आजी त्यांना म्हणाली, "ढोपर लई ठणकतंय." कोकणात ढोपर म्हणजे गुडघा, आमच्याकडे कोपर. सामंतांनी गुडघ्याचा एक्स-रे काढविला आणि सांगितले, "आजी, ढोपर शाबूत आहे."

आजीने सुजलेले कोपर त्यांच्यापुढे धरले. "मग हे काय हाय? तुमच्या गावात हातानं चालत्यात व्हय?"

*

कोपराच्या टोकाचे हाड मोडले की आम्ही तीन वर्ग करीत असू. तडकले पण हलले नाही, तो पहिला. तुकडा सरकला पण सांधा टिकला, तो दुसरा. सांधाच निखळला, तो तिसरा.

एका सोसायटीचे चेअरमन मोटारसायकलवरून पडून आले. एक्स-रेचा फोटो पाहून मी "तिसरा वर्ग" म्हणताच ते उठूनच बसले. "चेअरमन हाय मी! पहिल्यात बसतंय का बगा की कुठं!"

"अण्णा, इथे ठराव चालत नाही. इथे हाडच अध्यक्ष!"

*

फोटोइतकाच माझा भरवसा एका परीक्षेवर होता. हात डोक्यावर न्यायचा आणि कोपर आभाळाकडे सरळ करायचे; झाले, तर हाड सरकलेले नाही. सवयीने मी म्हणे, "कीर्तनात जयजयकार करता, तसा हात वर करा."

सास्तूरचे कांबळे गुरुजी अदबीने म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जयभीम म्हणून केला तर चालेल?"

"गुरुजी, कोपर सरळ होण्याशी मतलब!"

हात ताठ वर गेला. पहिला वर्ग! कीर्तनाचा उल्लेख मी त्या दिवसापासून सोडला. भाव ज्याचा त्याचा. वैद्याने कोपर पाहावे.

*

गिरजाबाई तेरखेड्याकडच्या खडीच्या कामावरून सुजलेले कोपर घेऊन आल्या. घरात कमावता हात तेवढाच. प्लास्टर पाहिले की मुकादम काम देणार नाही, हे जाणून त्यांनी हात खाली सोडून दाखविला. "बगा, सरळ हाय की! मुका मार हाय नुस्ता."

सामंतांना ते पटलेही. पण खाली सोडलेला हात स्वतःच्या भारानेच सरळ होतो! मी म्हणालो, "बाई, वर करा." दंड वर गेला, पुढचा हात डोक्यावर कोसळला. फोटोत दुसरा वर्ग.

"हातोडा?" त्यांनी विचारले.

"तार घालून हाड बांधू दिलेत, तर बहुधा उचलाल. तसेच ठेवलेत, तर नाही."

त्यांनी हात माझ्यापुढे ठेवला. "बांधा. पर नीट बांधा, डाक्टर."

हाड जुळल्यावर त्या तपासणीला आल्या. "वर करा," मी म्हणालो. त्यांनी डोळे मिटले. हात हळूहळू चढला, अडला, पुन्हा चढला; आणि कोपर सरळ झाले. मी सुटकेचा श्वास घेतो न घेतो, तोच दुसराही हात वर गेला.

"बाई, तो कशाला? तो तर धडधाकट आहे!"

डोळे न उघडताच त्या म्हणाल्या, "गप ऱ्हावा जरा, डाक्टर. वर केलाच हाय, तर पाऊस मागून घेते."