दाजींच्या तारा काढायला नागपूरला

बुधवार, ८ ऑक्टोबर. हजर: माझी मोठी बहीण ताई, तिचे यजमान म्हणजे आमचे दाजी, आणि साताऱ्याहून सकाळीच पोहोचलेली मी. सोबत एक बॅग, रिपोर्टांची फाइल, कामांची यादी.

दसऱ्याला शिलाई मशीन, स्कूटर, मिक्सर झाले की ताई दाजींच्या छातीतल्या पेसमेकरलाही वरून हळदकुंकवाचं बोट लावते. तेही मशीनच, असं तिचं म्हणणं. अकरा वर्षांचा नेम. यंदा बोटाला तिथली कातडी गरम लागली, लालसर दिसली. लगेच मला फोन आला.

डॉक्टरांनी नीट समजावलं. मशीनभोवती जंतू बसलेत, नुसत्या औषधांनी जाणार नाहीत. मशीन काढायचं आणि हृदयात गेलेल्या दोन्ही ताराही. पण तारा शिरेला चिकटल्यात. ओढल्या तर शीर फाटेल. म्हणून हळूहळू सोडवायच्या, आणि वेळ पडलीच तर छाती उघडायला सर्जन तयार ठेवायचे. मी सगळं लिहून घेतलं. ताईने एवढंच विचारलं, माझ्या हळदीने झालं का? डॉक्टर नाही म्हणाले, उलट तुमच्यामुळे लवकर कळलं. तिला पटलं नाही.

गुरुवारी इतवारीच्या बाजारात दाजींसाठी बंड्या (पुढून उघडणारे बिनबाह्यांचे सदरे) घेतल्या. गर्दीत हातगाडी चपलेवरून गेली, पट्टा तुटला, तशीच फरफटत बेसा भागातल्या ताईच्या घरी आले. ताईने गोळाभात (डाळीचे गोळे घालून केलेला भात) केला होता. मला आग्रहाने वाढला, स्वतः जेवली नाही.

शुक्रवारी सकाळी, ऑपरेशनच्या आधी, दवाखान्यात ताई औषधं आणायला खाली गेली, तेव्हा दाजींनी मला जवळ बोलावलं.

"गणपतीपासूनच गरम लागून राहिलं होतं वं. तिले नाही सांगितलं."

"काहून?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तिनं लगेच भरती केलं असतं. गौरी-महालक्ष्म्यांचं जेवण हुकलं असतं."

ताई तिकडे हळदीला दोष देत अर्धी झाली आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं.

"मीच सांगतो. पहिले तारा निघू दे. मले तर तिचंच भेव जास्त आहे."

ऑपरेशन चाललं ते चार तास ताई बाहेर बाकावर उजव्या हाताचं बोट डाव्या मुठीत धरून बसली होती. दोन्ही तारा अखंड निघाल्या. तूर्त मानेतून तात्पुरती तार घातली आहे. रक्ताचा रिपोर्ट स्वच्छ आला की उजवीकडे नवं मशीन बसवतील. ताईने प्रथम माझ्याकडे पाहिलं आणि मग ती रडली.

मंगळवारी निघताना मी दाजींकडे रोखून पाहिलं. त्यांनी झोपल्याचं सोंग घेतलं.

साताऱ्याला पोहोचताच दाजींना फोन केला. सांगितलं का, विचारलं.

"घास भरवून राहिली ती मले," दाजी हळूच म्हणाले. "आता कसं सांगू?"

कोणाशी कुजबुजून राहिले म्हणत ताईने फोन घेतला. मी तिला विचारलं, तू जेवलीस का?

"जेवीन," ती म्हणाली. "आधी यांचं होऊ दे."