गुळाच्या पाच ढेपा आणि एक उतार

मी सासूबाईंचा पाय मोडला. पुढे भेटलेल्यांना इतकी वर्षं मी ‘घाटात जरा धक्का बसला’ एवढंच सांगत आलो. आता नीट सांगून टाकतो.

लढाईचे दिवस होते, पेट्रोल कुपनावर मिळे. आमचं बिऱ्हाड शिरवळला. बायकोचे दिवस भरत आले होते, म्हणून तिच्या आईला कराडजवळच्या गावाहून आणायला मी एका ओळखीच्या व्यापाऱ्याची जुनी मोटार मागून नेली. मोटार शिकून सहा महिने झाले होते. ज्ञान कमी, ऐट भरपूर.

निघताना सासऱ्यांनी गुळाच्या पाच ढेपा आणल्या. जड सामान खाली, पायाशी ठेवायचं असतं. मी त्या मागच्या बाकावर, सासूबाईंच्या शेजारी एकावर एक रचल्या. खाली ठेवल्या असत्या तर जावयाला काय मिळालं ते वाटेतल्या लोकांना कसं दिसणार?

सासूबाई माझ्याशी थेट बोलत नसत. त्यांच्या घरची रीतच तशी. जे सांगायचं ते सासऱ्यांमार्फत.

“आवं, पावण्यास्नी इचारा, ह्ये बांधायचं न्हाई व्हय?”

माझ्या शेजारी बसलेले सासरे म्हणाले, “पावनं, बांधायचं का?”

“मोटारीत बांधत नाहीत, मामा.”

खंबाटकी चढून माथ्यावर आलो. पुढे सगळा उतार. पेट्रोल वाचवायला मी इंजिन बंद केलं आणि गाडी न्यूट्रलमध्ये सोडली. ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरायचा, हे मला शिकवणाऱ्याने दहादा बजावलं होतं. पण त्या दिवसांत घाटात सगळेच असं करत, आणि मला सगळ्यांसारखं दिसायचं होतं.

सासऱ्यांनी जन्मभर बैलगाडी हाकलेली. खालची वळणं बघत ते म्हणाले, “उताराला आमी गाडीमागं ओंडका बांधतो. मोटारीला काय बांधत्यात?”

“मोटारीला ब्रेक असतो, मामा.”

“लय बेस.”

ब्रेकवरचा पाय मी उचललाच नाही. तिसऱ्या वळणाला जळका वास आला.

“आवं, पावण्यास्नी म्हनावं, कायतरी करपतंय!”

सासऱ्यांनी जावयाचा मान राखला. “पावनं, वास जरा निराळा येतोय.”

“येतो असा,” मी म्हणालो. पण पाय खोल खोल जात होता आणि गाडी वेग घेत होती.

“आवं, थांबवा म्हनावं त्यास्नी!”

“पावनं, सवडीनं थांबला तरी चालंल,” सासरे म्हणाले. दोन्ही हातांनी त्यांनी दार गच्च धरलं होतं.

मी हातब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूला पडलेल्या खडीच्या ढिगात गाडी घातली. मोटार थांबली. गूळ थांबला नाही. वरची ढेप पुढच्या बाकावर आपटली आणि तिथून सासूबाईंच्या पावलावर.

बाळंतपण करायला आलेली आई खाटेवर, आणि दिवस भरलेली लेक तिच्या पायाला हळद लावतेय, असं आमचं घर झालं. मुलगा झाला. त्याला पहिली आंघोळ शेजारणीने घातली. सासूबाई खाटेवरून नुसत्या बघत होत्या. बघायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगत, “मोटारीतनं उतरताना माझाच तोल ग्येला.” मी दाराआडून ऐकत असे.

दोन महिन्यांनी सासरे त्यांना न्यायला आले. पोचवायला मी तीच मोटार पुन्हा मागून आणली. मी तांदळाचं पोतं गाडीत खाली ठेवलं आणि दोरीने करकचून बांधलं. शेजारणी दारात जमल्या होत्या. त्यांच्यादेखत सासऱ्यांना म्हणालो, “मामा, मामींना सांगा, त्यांचा तोल गेला नव्हता. गूळ मी मिरवायला वर ठेवला होता, आणि गाडी मीच न्यूट्रलमध्ये सोडली होती.”

सासरे सांगायला मागे वळले. सासूबाई मागच्या बाकावर, हातभरावर बसल्या होत्या. पदर सावरून त्या पहिल्यांदाच थेट माझ्याशी बोलल्या.

“ठावं हाय मला, पावनं. आता माथ्यावर इंजान बंद करू नगा.”