जोडतारा आणि दुर्गाबाईंचा फोकस

लागोपाठ तिसऱ्या संध्याकाळी देवीदास शेजारच्या दुर्गाबाईंकडून विरजण घेऊन परतला, तेव्हा बायकोनं, शकुननं, वाटी हातातसुद्धा घेतली नाही.

"आता हे कोणत्या दुधाले लावू? घरातल्या साऱ्या दुधाचं दही झालं. मठ्ठ्याची गाडी लावाची हाय का तुमाले?"

देवीदास बिचारा विरजण मागायला गेलाच नव्हता. 'तुमच्या गॅलरीतला फोकसचा दिवा फक्त पंधरा मिनिटं बंद ठेवा' एवढं एक वाक्य सांगायला गेला होता. पण दुर्गाबाईंनी दार उघडून "काय रे?" म्हटलं की वाक्य पोटात जाई आणि तोंडातून विरजण निघे.

माणूसच तसा. सरकारी कचेरीत सव्वीस वर्षं कारकुनी झाली, तरी साहेबासमोर फाइल ठेवण्याआधी तीनदा खोकतो. ऑटोवाल्याला 'थांबवा' म्हणवत नाही, म्हणून दोन गल्ल्या पुढं उतरून मागं चालत येतो. जठारपेठेत गल्लोगल्ली हे ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नव्हतं, त्याला शकुननं सांगितलं आहे.

अशा या माणसानं दहा वर्षांपूर्वी चांदूर बाजारच्या संत्र्याच्या मळ्यातून उरलेला सहा इंची पाइप आणला, त्यात आरसा बसवला आणि घरच्या घरी दुर्बीण केली. पश्चिमेच्या गॅलरीतून त्याला आभाळाची एवढीशी पट्टी दिसते. वर वरच्या मजल्याचा स्लॅब, खाली समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी. शहराच्या उजेडात त्या पट्टीत दुसरं काही टिकत नाही, पण मिथुन राशीतला कॅस्टर टिकतो. डोळ्यांना तो एक दिसतो, दुर्बिणीत दोन, एकमेकांभोवती फिरणारे. दर उन्हाळ्यात देवीदास त्यांचा फोटो काढतो, दोघांतलं अंतर मोजतो आणि वहीत लिहितो. नऊ उन्हाळे, नऊ आकडे. अंतर दरवर्षी केसाएवढं वाढतंय, आणि ते या गॅलरीतून कळतं, याचं त्याला पोराच्या उंचीसारखं कौतुक.

हे काम तो एप्रिलमध्ये उरकायचा. तेव्हा तारा पट्टीत येईपर्यंत दुर्गाबाई फोकस मालवून झोपलेल्या असत. यंदा कचेरीनं त्याला दोन महिने अमरावतीला पाठवलं. परत आला तो मे संपताना. आता तारा पट्टीत यायचा बरोबर दिवेलागणीला आणि साडेसातला टाकीमागं जायचा. त्यात समोर टाकीशेजारी नवं बांधकाम निघालेलं. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ते पाच मजले चढणार आणि पट्टी कायमची बुजणार. रोज दुपारी ढगही डोकावू लागले होते. दहावा आकडा मिळाला तर याच आठवड्यात.

आणि दिवेलागणीला कोणाला 'दिवा बंद करा' म्हणायचं तरी कसं? लक्ष्मीच्या वेळेला घरात अंधार करा, असं सत्तरीच्या बाईला तोंडावर सांगायचं? त्यापेक्षा दही बरं.

चौथ्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. देवीदासनं सकाळपासून चारदा जाऊन टाकी आहे तिथंच आहे ना, ते पाहिलं. सात वाजता त्यानं कूलर बंद केला, कारण त्याच्या थरथरीनं दुर्बीण हलते. आतून शकुन म्हणाली, "बाहेर चवरेचाळीस डिग्री हाय. ताऱ्याले थंडी वाजून राहिली का?" त्याला ऐकूच गेलं नाही. फोकसचा पांढरा झोत पाइपाच्या तोंडात शिरत होता. सव्वासात झाले. त्यानं घाम पुसला, झाडूच्या दांड्याला काळी चादर अडकवली, कठड्यावरून वाकला आणि दुर्गाबाईंच्या फोकसवर टाकली.

तेवढ्यात निरांजन घेऊन दुर्गाबाई गॅलरीत आल्या.

"काहून रे देवीदास? ऐन दिवेलागणीले माह्या घरावर काळं टाकून राहिला?"

आता विरजण म्हणायची सोय उरली नव्हती. देवीदासनं सगळं सांगितलं. एकमेकांभोवती फिरणारी ताऱ्यांची जोडी, टाकी, पाच मजले, नऊ आकडे. सांगता सांगता तो तीनदा खोकला.

"एक फेरी माराले किती वर्षं लागते त्याहिले?"

"साडेचारशेच्या आसपास."

"साडेचारशे. अन् तुले पंधरा मिन्टं दम नाही." त्यांनी निरांजन कठड्यावर ठेवलं. "अंधार नको बाप्पा, दिवा पाहिजे. फोकसच पाहिजे, असं कोणं म्हटलं? दिवा तर हा हाय." आणि आत जाऊन बटण बंद केलं. मग चार पावलं चालून थेट याच्या गॅलरीत. "दाखव आधी मले."

सात बावीस. देवीदासनं तारा धरून दिला. दुर्गाबाईंनी डोळा लावला आणि काढेचनात.

"एकच तर हाय."

"थोडं पाहा काकू, हवा निवू द्या."

सात चोवीस. सात पंचवीस. तारा टाकीकडे सरकत होता.

"हां. दोन हाय. एक मोठा, एक बारका. माय, चिकटूनच हाय." त्या हलल्या नाहीत. "भांडत असतीन का रे?"

"काकू," देवीदास म्हणाला, "सरका."

आयुष्यात त्यानं कोणाला असं म्हटल्याचं शकुनच्याही आठवणीत नाही. ती आतून दारापर्यंत पाहायला आली. दुर्गाबाई सरकल्या. देवीदासनं कॅमेरा बसवला, आणि टाकीची कड येईपर्यंत कसाबसा दीड मिनिटाचा व्हिडिओ मिळाला.

जेवण झाल्यावर त्यानं त्यातलं एकेक चित्र तपासलं. तापलेल्या गच्च्यांच्या वाफेनं तारे कढईत तळायला टाकलेल्या बोंडांसारखे उसळत होते. हजारो चित्रांतून अकरा निघाली, ज्यांत दोन ठिपके नीट वेगळे होते. अकरा पुरली. दोनदा मोजून, तिसऱ्यांदा मोजून त्यानं दहावा आकडा लिहिला आणि शकुननं दिलेलं दही मुकाट्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी आभाळ ढगांनी गच्च भरलं होतं. सातला कठड्यावर निरांजन आलं.

"देवीदास, करू का रे बंद?"

आता गरज नाही, हे सांगायला त्यानं तोंड उघडलं.

"करा," तो म्हणाला.

फोकस विझला. देवीदासनं कूलर बंद केला, आणि साडेसातपर्यंत ढगांकडे पाइप लावून घाम पुसत उभा राहिला.