पाहुण्यांच्या मोटारीसाठी आपले कडुनिंब

वसतिगृहातल्या मित्रमैत्रिणींनो, या कॉलेजात आपल्याला न विचारता सगळं ठरवायची सवय जुनी आहे. आज दुपारी त्या सवयीने कुऱ्हाड उचलली.

स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांची अॅम्बेसेडर थेट मंचापर्यंत जावी, म्हणून आपल्या वृक्षमंडळाने वाढवलेली कडुनिंबाची रांग तोडायला ऑफिसातले बडेबाबू मजूर घेऊन आले. विहीर आटली तेव्हा आपण आंघोळीचं पाणी बादलीत धरून ही झाडं जगवली होती. त्यांची सावली आता कुठे एका माणसापुरती झाली आहे.

आपल्या मंडळातली आष्टीची सुमन पुस्तक घेऊन पहिल्याच झाडाच्या सावलीत जाऊन बसली.

"ऊठ पोरी, काऊन आडवी येतं?" बडेबाबू ओरडले.

"मी त अभ्यास करून राह्यली, बाबूजी. पाहुण्याले पाय नाई काय?"

मजुरांनाही हसू फुटलं. बडेबाबू लालबुंद झाले.

"एका झाडाखाली बसशीन, बाकीच्याईले कोन वाचवते? उद्या सकाळी पाह्यतो!" असं म्हणून ते मजुरांना घेऊन गेले.

त्यांचं गणित बरोबर आहे, आणि तीच आपली लाज आहे. त्यांचं बोलणं ऐकून सुमनच्या शेजारच्या झाडाखाली मी एकटाच जाऊन बसलो. बाकी सगळे व्हरांड्यातून टाळ्या वाजवत होते. टाळ्यांनी कुऱ्हाड थांबत नाही, दोस्तहो!

हा कागद भिंतीवरून कुणी फाडला, तर मी दुसरा लावीन. तुम्ही मात्र उद्या सकाळी सात वाजता या, आणि एकेकाने एकेक झाड धरून बसा.